अर्धे दिवे लागतच नाहीयेत! घरगुती लाइट थेरपी आणि आपले डोळे

मागच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. गुडघा दुखतो म्हणून त्याने रेड लाइट थेरपीचं पॅनेल, म्हणजे दुखऱ्या जागी लाल उजेड घ्यायचा दिव्यांचा फळा, ऑनलाइन मागवलेलं, आणि खोक्यातून काढून लावल्या लावल्या तक्रार, "दाजी, डिफेक्टिव्ह पीस आलाय, अर्धे दिवे लागतच नाहीयेत, रिटर्न टाकू का?" मी विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणाला, "अहो अगदी जवळ जाऊन बघितलं ना, एकेक दिव्याला डोळा लावून. आत कुठेतरी बारीकसा लाल ठिपका दिसतोय, बास." मी म्हटलं आधी तो स्विच बंद कर, मग बोलू.

दिवे सगळे चालू होते. अशा पॅनेलमध्ये बहुतेक वेळा दोन जातीचे एलईडी असतात, एक ६६० नॅनोमीटरच्या आसपासचे, ते लालभडक दिसतात, आणि दुसरे ८५० नॅनोमीटरचे, ते इन्फ्रारेड, म्हणजे आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. "जवळजवळ" अशासाठी की निरखून बघितलं तर एक मरतुकडा लाल ठिपका दिसतो, मेहुण्याला दिसला तोच. पण तो ठिपका म्हणजे त्या दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचा चिमूटभर भाग, बाकीचा सगळा डोळ्यात जातच असतो, डोळ्याला फक्त त्याची खबर लागत नाही. मला जे सांगायचंय ते सगळं या ठिपक्यात आहे. दिवा किती झगझगीत दिसतो यावरून तो डोळ्याला किती घातक आहे हे अजिबात ठरत नाही, आणि आपण सगळे नेमकं त्यावरूनच ठरवतो.

नॅनोमीटर हा शब्द पुढे सारखा येणार आहे म्हणून एकदाच सांगून टाकतो, हे उजेडाच्या लाटेच्या लांबीचं माप. साधारण ४०० ला जांभळा सुरू होतो, ७०० च्या आसपास लाल संपतो, एवढाच पट्टा आपल्याला दिसतो. ४०० च्या खाली अतिनील म्हणजे यूव्ही (लांब लाटेकडून आखूड लाटेकडे यूव्हीए, यूव्हीबी, यूव्हीसी अशा त्याच्या तीन जाती), ७०० च्या पुढे इन्फ्रारेड. घरगुती थेरपीत या पट्ट्यातलं जवळपास सगळंच वापरलं जातं, सोरायसिस आणि कोडासाठी ३११ चा यूव्हीबी, पिंपल्ससाठी ४१५ चा निळा, मूडसाठी पांढरा शुभ्र लाइट बॉक्स, आणि सांधे, स्नायू, केस, सुरकुत्या, सगळ्यालाच लाल आणि इन्फ्रारेड. आणि गंमत म्हणजे या सगळ्यासाठी लोक एकच प्रश्न विचारतात, "गॉगल लावला तर चालेल ना?" चालेल, पण कुठला गॉगल? तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

डोळा म्हणजे जुना वाडा आहे असं समजा. बाहेर मोठा दरवाजा, ते आपलं बुबुळावरचं पारदर्शक आवरण, कॉर्निया. मधे चौक, म्हणजे भिंग, लेन्स. आणि पार आत माजघर, म्हणजे डोळ्याचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं. प्रत्येक जातीच्या उजेडाला वेगवेगळ्या ठिकाणी अडवलं जातं. यूव्हीसी आणि बहुतेक यूव्हीबी दरवाज्यातच अडकतात, त्यामुळे भाजतो तो दरवाजा. यूव्हीए चौकापर्यंत येतो, भिंग त्याला शोषून घेतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं की भिंग गढूळ व्हायला मदत होते, म्हणजे मोतीबिंदू. आणि ४०० पासून थेट १४०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड, यात सगळा दिसणारा उजेड आला आणि आपलं ते ८५० सुद्धा आलं, हा सरळ माजघरात जाऊन बसतो. म्हणजे आपल्याला दिसतं ७०० पर्यंत, पण दार उघडं आहे १४०० पर्यंत, मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात उजेड आत येतोय आणि घरमालकाला पत्ताच नाही.

आता माजघराचा एक पहारेकरी आहे. झगझगीत उजेड पडला की आपण पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो, बाहुली बारीक होते, हे काही ठरवून करावं लागत नाही. हा पहारेकरी इतका भरवशाचा मानलाय की लेसरचा क्लास २ त्याच्याच जिवावर ठरवलाय, दिसणारा लेसर आणि १ मिलीवॅटपर्यंत ताकद असेल तर तेवढ्या पाव सेकंदात डोळ्याला इजा होत नाही असं धरतात. पण हा पहारेकरी फक्त दिसणाऱ्या उजेडाला ओळखतो. नुसतं ८५० चालू असेल, बऱ्याच पॅनेलवर तसं वेगळं बटण असतं, तर पापणी मिटत नाही, बाहुली बारीक होत नाही, डोळा दुखत नाही, काहीच नाही. आपण आरामात तिकडे बघत बसू शकतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, उगाच घाबरवायचं नाहीये. मेहुण्याने एकेका दिव्याला डोळा लावला म्हणून त्याची दृष्टी गेली नाही, जाणारही नव्हती. एलईडी हा लेसर नाही. लेसरचा किरण सरळ रेषेत येतो आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करतं, पॅनेलचा उजेड पसरट असतो, पडद्यावरही पसरट पडतो, त्यामुळे त्याचा चटका तसा बसत नाही. त्यामुळे वस्तू एलईडीची आहे की लेसर डायोडची, हे आधी बघा. केसांसाठीच्या काही टोप्यांमध्ये आणि दुखण्यावरच्या काही हातातल्या यंत्रांमध्ये खरे लेसर असतात. त्यावर क्लास ३बी, म्हणजे क्लास २ पेक्षा पुष्कळ ताकदीचा लेसर, असं लिहिलेलं असेल तर तिथे पाव सेकंद हा सुद्धा खूप जास्त वेळ आहे, आणि तो विषय घरच्या घरी जुगाड करायचा नाहीच.

पॅनेलचा त्रास वेगळा आहे, तो रोजचा आहे. रोज दहा-वीस मिनिटं, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, महिनोन्महिने. काच फुंकून वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करून मोतीबिंदू व्हायचा, इतका की त्याला ग्लासब्लोअर्स कॅटरॅक्ट असं नावच पडलं. भट्टीची धग म्हणजे मुख्यतः इन्फ्रारेडच. त्यांची भट्टी आणि तुमचं पॅनेल सारखं नाही हे कबूल, पण भिंगाला रक्तपुरवठा नसतो, ते तापलं तर ती उष्णता वाहून न्यायला तिथे काही नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

थोडा हिशोब करू, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. या विषयातल्या मर्यादा ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयसीएनआयआरपी, आणि दिव्यांच्या सुरक्षिततेचं आयईसी ६२४७१ हे स्टँडर्डही तोच आकडा वापरतं. हजार सेकंदांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण १७ मिनिटांच्या वर, डोळ्यावर इन्फ्रारेड पडणार असेल तर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलीवॅटची मर्यादा. दहा मिनिटांसाठी काढलं तर ती साधारण १५ पर्यंत जाते. आता पॅनेलच्या जाहिराती बघा, "१०० मिलीवॅट पेक्षा जास्त!" असं अभिमानाने छापलेलं असतं. त्यातलं अर्धं इन्फ्रारेड धरलं तरी ५० झालं, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट-पाचपट. बरं, हे जाहिरातीतले आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात, कारण ते उन्हाची ताकद मोजायच्या स्वस्त मीटरने मोजतात आणि तो मीटर लाल-इन्फ्रारेड दिव्यांसमोर जास्तच आकडा दाखवतो. पण निम्मा आकडा खोटा धरला तरी हिशोब मर्यादेच्या वरच राहतो. आणि ही मर्यादा उघड्या डोळ्याची आहे, गुडघ्याची नाही. गुडघ्याला खुशाल द्या.

म्हणून पहिलं काम गॉगलचं नाहीच, दिशेचं आहे. गुडघ्याला शेक द्यायचाय तर पॅनेल गुडघ्याकडे, चेहरा दुसरीकडे. हे इतकं साधं आहे की कुणाला सांगावंसंही वाटत नाही, पण लोक समोर पॅनेल उभं करून पूर्ण अंगावर घेतात आणि मधून मधून टायमर किती राहिला म्हणून थेट त्याच्याकडेच बघतात, टायमर बहुतेक पॅनेलवरच असतो ना! फोनमध्ये वेगळा टायमर लावा आणि पाठ करून उभे राहा. बाजूला आरसा किंवा चकचकीत कपाट असेल तर तिकडून उजेड परत येतो, तेही बघा.

आता गॉगल. मेहुण्याने लगेच सांगितलं, "आहे की माझ्याकडे, काळाकुट्ट, पोलराइज्ड." मी म्हटलं टीव्हीचा रिमोट घे. रिमोटच्या पुढच्या टोकाला जो छोटा दिवा असतो ना, तो इन्फ्रारेड असतो, साधारण ९४०, डोळ्याला दिसत नाही पण फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो, मागच्या कॅमेऱ्यात नसेल दिसत तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बहुतेक दिसतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. मग मधे गॉगलची काच धरायची. मेहुण्याने धरली आणि दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "दाजी, हे तर आरपार दिसतंय." काळ्याकुट्ट काचेतून ठिपका तसाच्या तसा, जणू काही काच नाहीच. त्याने बायकोचा गॉगल आणला, पोराचा आणला, सगळ्यात तेच.

म्हणजे काय झालं बघा. साधा गॉगल दिसणारा उजेड कमी करतो, चांगला असेल तर यूव्हीही अडवतो, "यूव्ही ४००" लिहिलेलं असतं ते त्यासाठीच, ४०० च्या खालचं सगळं बंद. पण इन्फ्रारेड? त्यासाठी तो बनवलेलाच नाही. बरेचसे रंग आणि पोलराइज्ड फिल्म ८५० ला चक्क पारदर्शक असतात. आणि वर दिसणारा लाल उजेड मंद झाल्यामुळे पहारेकरी झोपला, बाहुली मोठी झाली, आणि आता इन्फ्रारेड आधीपेक्षा जास्त आत. उघड्या डोळ्याने निदान डोळे दिपले असते आणि मान वळवली असती. काळा गॉगल लावून माणूस निश्चिंत बघत राहतो, म्हणून या बाबतीत मला साधा गॉगल हा गॉगल नसण्यापेक्षा वाईट वाटतो. (रिमोटची परीक्षा ही नापास करण्यापुरतीच बरं का. ठिपका दिसला तर गॉगल बाद. ठिपका नाही दिसला म्हणून तो पास झाला असं नाही, कारण रिमोटची ताकद पॅनेलपुढे काहीच नाही.)

दुसरा घोळ रंगाचा. लोकांना वाटतं लाल दिव्याला लाल गॉगल. उलट असतं! लाल काच लाल दिसते कारण ती लाल उजेड आत सोडते. लालला अडवायला साधारण हिरवट-निळसर काच लागते आणि निळ्याला अडवायला पिवळी-नारिंगी. कॉम्प्युटरसमोर लावायचे ते नारिंगी "ब्लू ब्लॉक" चष्मे लावून रेड लाइट पॅनेलसमोर बसलेले लोक मी फोटोत बघितलेत. त्या चष्म्यातून लाल आणि इन्फ्रारेड जवळपास पूर्ण आत येतो, नुसता शोभेचा चष्मा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे सेफ्टी चष्मेही तसेच, यूव्ही छान अडवतात, इन्फ्रारेडला मोकळा रस्ता.

खरा गॉगल विकत घेताना दोन गोष्टी एकत्र लिहिलेल्या असायला हव्यात, कुठल्या नॅनोमीटरपासून कुठपर्यंत, आणि तिथे ओडी किती. ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, हिशोब सोपा आहे, ओडी १ म्हणजे दहावा हिस्सा आत येतो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा, प्रत्येक आकड्याला एक शून्य वाढतं. नुसतं "ओडी ४+" लिहिलंय आणि पट्टा लिहिलेला नाही तर त्याला काही अर्थ नाही, "माझा पगार पाच आकडी आहे" म्हणायचं आणि कुठल्या देशाच्या पैशात ते सांगायचं नाही, तसं ते.

पण खरं सांगू का, चेहऱ्यावर लाल किंवा इन्फ्रारेड घेताना आरपार दिसायची गरजच काय आहे? दहा मिनिटं पडून तर राहायचंय. त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम म्हणजे पूर्ण अपारदर्शक वाट्या, डोळ्याच्या खोबणीत बसणाऱ्या, ज्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे नॅनोमीटरची भानगडच संपते, फक्त त्या खरंच अपारदर्शक आहेत ना एवढं बघायचं, कारण टॅनिंगसाठीच्या काही वाट्यांमधून थोडं दिसावं म्हणून मधे गडद खिडकी ठेवलेली असते आणि ती यूव्हीसाठी बनवलेली असते, ८५० साठी नाही. वाट्या लावून उजेडाच्या खोलीत फिरून बघा (सांभाळून, मी दाराला धडकलोय), नाकाच्या बाजूने फट दिसते का? नाकाचा उंचवटा प्रत्येकाचा वेगळा, तिथूनच गळती होते.

"मी डोळे मिटून घेतो ना" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मोबाइलचा टॉर्च बोटांच्या मागे लावून बघा, बोटं लाल दिसतात. उजेड पांढराच होता, मग लाल का? कारण रक्त-मांसातून निळा-हिरवा गाळला जातो आणि लाल आरपार येतो, इन्फ्रारेड त्याहून सहज. पापणी तर बोटापेक्षा कितीतरी पातळ. त्यामुळे मिटलेली पापणी निळ्या उजेडाला बऱ्यापैकी अडवते, पण लाल-इन्फ्रारेडला ती पडदा नाही, जाळीचा पडदा आहे. थेरपीवाले स्वतःच सांगतात ना की हा उजेड कातडीतून खोल जातो म्हणून गुण येतो. मग पापणीची कातडी काय वेगळी आहे?

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "पण रेड लाइट डोळ्यांसाठी चांगला असतो असं वाचलंय." वाचलं असेल, आणि ते पूर्ण खोटंही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२१ मध्ये एक प्रयोग छापला, ६७० नॅनोमीटरचा लाल उजेड, सकाळी फक्त ३ मिनिटं, आणि रंगातला फरक ओळखण्याची क्षमता सरासरी १७ टक्क्यांनी सुधारली. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पडद्याच्या एका आजारासाठी, वयामुळे होणारी पडद्याच्या मध्यभागाची कोरडी झीज, त्यासाठी ५९०, ६६० आणि ८५० चा उजेड देणाऱ्या यंत्राला परवानगीही दिली. पण ते यंत्र दवाखान्यात, मोजून, तपासलेल्या डोळ्याला दिलं जातं. आणि लंडनच्या प्रयोगात ताकद होती ८ मिलीवॅट, १०० नव्हे. औषध चमच्याने घेतात म्हणून बाटली तोंडाला लावायची नसते.

दुसरी बाजूही ऐका. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून चीनमध्ये लाल उजेडात बघायची यंत्रं घराघरात गेली, त्यात डोळा थेट त्या उजेडात बघतो. २०२३ मध्ये नेत्ररोगाच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या मुलीची केस छापून आली, ५ महिने तसं यंत्र वापरल्यावर दोन्ही डोळ्यांची नजर कमी झाली, पडद्याच्या बाहेरच्या थराला इजा, यंत्र बंद केल्यावर काही प्रमाणात सुधारली. त्याच वर्षी चीनच्या नियामकाने ही यंत्रं सर्वात कडक वर्गात टाकायचं ठरवलं. त्या घरी आई-बापाने मुलीचं भलंच करायला घेतलं होतं, हे वाचून मला जास्त कसंतरी झालं.

बाकीच्या उजेडांचं आता पटापट सांगतो, कारण त्यांचे नियम वेगळे आहेत, एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही.

मूडसाठीचा पांढरा लाइट बॉक्स, १०,००० लक्सवाला, हिवाळ्यात येणाऱ्या उदासीसाठी. हा प्रकार नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला, आणि इथे सगळं उलटं आहे, कारण हा उजेड डोळ्यातूनच काम करतो! पडद्यात काही खास पेशी असतात, निळसर उजेडाला जाग्या होणाऱ्या, त्या मेंदूतल्या घड्याळाला सांगतात की सकाळ झाली. त्यामुळे इथे गॉगल लावला तर थेरपीच गेली. इथे संरक्षण म्हणजे बॉक्स यूव्ही गाळणारा हवा, थोडा वर आणि बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावायची नाही, समोर वाचत बसायचं. अंतर कंपनीने सांगितलंय तेच, जवळ घेऊन लवकर उरकू असं नाही. मधुमेहामुळे पडद्याला त्रास झालेला असेल किंवा पडद्याचा कुठलाही आजार असेल तर आधी डोळ्यांचे डॉक्टर, आणि बायपोलरचा त्रास असेल तर मानसोपचाराचे डॉक्टर, कारण हा उजेड कधी कधी मूड नको इतका वर नेतो.

पिंपल्सचा निळा उजेड. इथे पडद्याला होणारी इजा ही भाजण्याची नसते, रासायनिक असते, साधारण ४४० च्या आसपास सगळ्यात जास्त, आणि ती दिवसभरात साठत जाते, म्हणजे पाच-पाच मिनिटं चारदा घेतली तर वीस मिनिटांचा हिशोब. २०१९ मध्ये एका जगप्रसिद्ध कंपनीने घरी वापरायचा निळा-लाल उजेडाचा मास्क बाजारातून परत घेतला, कारण हेच, पडद्याचे काही आनुवंशिक आजार असलेल्यांना आणि डोळे उजेडाला हळवे करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका असू शकतो म्हणून. आणि औषधं कुठली? डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन. अहो ही तर पिंपल्सचीच औषधं! म्हणजे ज्याच्या टेबलावर मास्क आहे त्याच्याच ड्रॉवरमध्ये त्या गोळ्या असायची शक्यता सगळ्यात जास्त. हृदयाच्या ठोक्यासाठी दिलं जाणारं ॲमिओडारोन आणि उदासीवर "नॅचरल" म्हणून घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट, हेही याच यादीत. गोळ्यांचं पान घेऊन फार्मसिस्टला विचारलं तरी दोन मिनिटांत कळतं.

यूव्हीबी, कोड आणि सोरायसिसचा. उजेडाने त्वचेचा आजार बरा करण्यासाठी नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं, म्हणजे हे शास्त्र शंभराहून जास्त वर्षं जुनं, आणि १९२०-३० च्या दशकातले फोटो बघाल तर दिव्याभोवती उभी असलेली लहान पोरंसुद्धा गोल काळे गॉगल लावून आहेत. तेव्हा कळत होतं ते आपण आज विसरतो. यूव्हीबी कॉर्नियाला भाजतो आणि लबाडी अशी की लगेच काहीच होत नाही, सहा ते बारा तासांनी, बहुतेक मध्यरात्री, डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी, लाली, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना विचारा, त्यांना हे चांगलं माहीत असतं. यासाठी यूव्हीचा, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो, रोजचा नंबरचा चष्मा नाही, कारण वरून आणि बाजूने उजेड शिरतोच. पापणीवरच डाग असेल तर काय करायचं ते त्वचेचे डॉक्टर सांगतील, स्वतः ठरवू नका. आणि सोरालेनची, म्हणजे त्वचा उजेडाला हळवी करणारी, गोळी घेऊन यूव्हीए घेत असाल तर दिवा बंद झाला म्हणून गॉगल उतरवायचा नाही, ते औषध भिंगात पोचलेलं असतं, पुढचे २४ तास उन्हात आणि खिडकीपाशीही यूव्हीए अडवणारा चष्मा लागतो.

२५४ नॅनोमीटरच्या जंतुनाशक यूव्हीसी नळ्या तर थेरपी नाहीतच. मंद निळसर दिसतात, अगदी निरुपद्रवी वाटतात, आणि काही मिनिटांत डोळा भाजतात. कुणी स्वस्तात "यूव्ही दिवा" म्हणून देत असेल तर नॅनोमीटर विचारा, सांगता आलं नाही तर घेऊ नका.

आणि जे लोक स्वतः एलईडी आणून, हीटसिंकवर बसवून, ड्रायव्हर लावून पॅनेल बनवतात, त्यांच्याबद्दल मला कौतुक आहे, पण बाबांनो, ८५० च्या माळेला एक साधा लाल किंवा हिरवा इंडिकेटर त्याच सप्लायवर जोडा. दिवा चालू आहे हे दिसायला तरी पाहिजे. टेस्टिंगच्या वेळी "लागला का, लागला का" करत डोळे घालण्यापेक्षा फोनचा कॅमेरा धरा. घरात लहान मूल असेल तर खोलीचं दार लावून घ्या, मुलांचं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, जास्त उजेड आत सोडतं, आणि पोरांना जे चमकतं त्याच्याकडेच बघायचं असतं. मांजराचंही तेच.

काही झालंच तर दोन प्रकार वेगळे ओळखा. डोळ्यात वाळू, पाणी, लाली, हे कॉर्नियाचं, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, चोळू नका, थंड पट्टी, अंधारी खोली, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येतं, तरी डॉक्टरांना दाखवा, आणि बधिर करणारे थेंब कुणाकडून मागून घालू नका, त्याने जखम भरत नाही. दुसरा प्रकार, काही दुखत नाही पण नजरेच्या मधोमध धुरकट डाग राहतोय, सरळ रेघ वाकडी दिसतेय, रंग फिके वाटतायत, हे पडद्याचं. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे किंवा चौकटीच्या वहीच्या पानाकडे बघा, एका डोळ्यात बिघडलं तर दुसरा ते झाकून घेतो आणि दोन्ही उघडे असताना कळतच नाही. पडद्याला दुखतच नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

मेहुण्याने पॅनेल रिटर्न केलं नाही. त्याच्या डोळ्यांची तपासणी करून घेतली, सगळं ठीक निघालं. काळ्या वाट्या घेतल्या आणि त्यांची दोरी पॅनेलच्या स्विचवरच अशी अडकवून ठेवलीये की वाट्या हातात घेतल्याशिवाय स्विचपर्यंत बोट जातच नाही. गुडघा म्हणे थोडा बरा आहे.